भातोडीचं रणांगण आणि नगरचे खापरी नळ वाचवा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

नगरची निजामशाही हा आपल्याच इतिहासाचा भाग आहे, आणि शासनाने तो तसा जपावा, एवढ्यासाठी हे पत्र.

बहमनी सत्ता खिळखिळी झाली तेव्हा, १४९० मध्ये, त्यांच्याच सरदाराने, मलिक अहमदने, निजामशाहीचं स्वतंत्र राज्य उभं केलं आणि १४९४ मध्ये नगर वसवायला घेतलं. पुढे या शहराला पाणी आलं ते आसपासच्या गावांकडून, खापरी नळांनी. भाजक्या मातीचे नळ एकमेकांत बसवायचे, त्यांवर चुन्याचं बांधकाम करायचं आणि उतार साधत पाणी शहरात, बागांत, फराहबाग या शाही महालाच्या हौदापर्यंत न्यायचं. आज रस्ते आणि पाया खोदताना हे नळ फुटले, तर ते गेले कुठून कुठे हे सांगणाराही उरणार नाही.

मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा सुरुंगाने पडलेलं खिंडार, राज्य सांभाळणाऱ्या चांदबिबीने रातोरात बुजवून घेतलं. पण दरबारातली फाटाफूट तिला बुजवता आली नाही. १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि किल्ला गेला. तरीही निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने हे राज्य आणखी पाव शतक लढतं ठेवलं.

नगरजवळच्या भातोडी गावची लढाई त्यातलीच, १६२४ ची. मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तलावाचा बांध फोडून त्यांची छावणी चिखलात अडकवली आणि मग छापा घातला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी इथेच पडले. गनिमी काव्याचं शिक्षण भोसल्यांच्या घरात कुठून आलं असं कुणी विचारलं, तर मी आधी भातोडीकडे बोट दाखवीन. अंबरनंतर दहा वर्षांत सगळं संपलं. शहाजीराजांनी एका बालराजाला गादीवर बसवून शेवटपर्यंत झुंज दिली, ती १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर थांबली.

साहेब, मागणी दोनच गोष्टींची आहे. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडून खापरी नळांचा नकाशा करून घ्या आणि तो महापालिकेच्या खोदाई परवानग्यांना जोडा. भातोडीच्या रणांगणाची मोजणी करून तिथे ठळक फलक लावा. त्यावर मलिक अंबर, शहाजीराजे आणि शरीफजी ही तिन्ही नावं एकत्र असू द्या. कामाला हात या उन्हाळ्यातच घालावा, म्हणजे पावसाआधी पाहणी उरकेल.

आपला,
एक नगरकर