कळसूबाईला जाताय ना, मग हे वाच

मनू,
फोनवर तू नुसतं हो हो करतेस म्हणून लिहूनच पाठवते, घणसोलीला पोचेपर्यंत लोकलमध्ये वाच.

तू म्हणालीस भंडारदऱ्याला टेंट आणि रात्रीत कळसूबाई. छान. पण टेंट नक्की कुठे ते विचारलंस का? भंडारदरा म्हणून बुक करतात आणि निघतं रतनवाडी, म्हणजे धरणाच्या पार त्या टोकाला. रतनगड करायचा असेल तर ती जागा मस्त, अमृतेश्वराचं देऊळ पण तिथेच. पण कळसूबाईची वाट बारी गावातून, म्हणजे मध्यरात्री उठून अख्ख्या तळ्याला वळसा मारायचा आणि ड्रायव्हर पेंगणार. शेंडी गावाच्या बाजूला घ्या, बारी तिथून जवळ पडतं.

दुसरं, फार लवकर निघू नका. आम्ही ऑफिसचा ग्रुप गेलो होतो, मी तेव्हा तुझ्याच वयाची, सूर्योदय चुकेल म्हणून रात्री एक वाजताच चढायला लागलो आणि चारला वर! मग दोन तास त्या वाऱ्यात देवळाच्या भिंतीला चिकटून बसलो, डिसेंबर होता, दात वाजत होते, एकाच्या बॅगेत शाल निघाली ती आम्ही पाच जणांनी ओढली. १६४६ मीटर आहे, महाराष्ट्रात याच्यावर काही नाही, वारा अडवायला कोण असणार. तीन तास धरा, तीनच्या सुमाराला निघा. शनिवारी रात्री शिड्यांपाशी लाइन लागते म्हणे, सुट्टी टाकता आली तर मधल्या वारी जा.

उगाच शूर बनून इंदोरे गावाच्या वाटेने जाऊ नका, तिथे गर्दी कमी म्हणून तुझा तो मित्र नक्की सुचवणार. गावातला माणूस सोबत असेल तरच, आणि तेही उजेडात. बारीच्या वाटेला लोखंडी शिड्या आहेत, ओल्या असल्या की सरकतात, दोन्ही हात मोकळे ठेव, फोन खिशात. शेवटच्या शिडीखाली विहीर आहे. तिच्या भरवशावर राहू नकोस, पाणी घरूनच ने.

उजाडलं की समोर अलंग, मदन, कुलंग हे गड ओळीने दिसतात, तो फोटो मला पाठव. आणि देवळात डोकं टेकव. कळसू म्हणे पाटलाकडे कामाला होती, अट एकच, केर आणि भांडी सोडून बाकी काहीही करेन. एकदा पाहुणे आले, पाटलाने नेमकं केर काढायला आणि भांडी घासायला लावलं तर ही चिडून सरळ डोंगरावर. (तुझे बाबा म्हणतात आपल्या घरात पण एक आहे, ती पण भांडी घासत नाही.)

जायचं कसं ते तुमचं ठरू दे. गाडी असेल तर आमण्यावरून समृद्धीने इगतपुरी आणि पुढे घोटी, २०२५ पासून तो रस्ता पूर्ण झालाय. नाहीतर कसारा लोकल आणि तिथून जीप, मला अजून तेच आवडतं. चढायच्या आधी बारीत कुणाकडे तरी पिठलं भाकरी सांगून ठेवा, उतरल्यावर पाय थरथरत असतात तेव्हा कळेल का सांगितलं ते.

थर्मास शुक्रवारी येऊन घेऊन जा. झाकण नीट बसत नाही, बॅगेत आडवा टाकू नकोस.

आई