चेंबर संगीताला लाउडस्पीकर कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात नुकताच चेंबर संगीताचा, म्हणजे मोजक्या वादकांनी छोट्या जागेत वाजवायच्या पाश्चात्त्य संगीताचा, महोत्सव झाला. आधीच्या मैफली छोट्या सभागृहात, माइकशिवाय झाल्या आणि छानच रंगल्या. समारोप मात्र मोठ्या नाट्यगृहात ठेवला होता. गर्दी झाली याचा आनंदच आहे. पण प्रत्येक वादकापुढे माइक आणि रंगमंचाच्या दोन्ही अंगांना भलेमोठे स्पीकर दिसले, तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

शेवटी ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचे सी मेजर क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांसाठीची रचना, होते. १८२८ साली, वयाच्या ३१व्या वर्षी गेलेल्या शूबर्टने मृत्यूच्या काही आठवडेच आधी ते लिहून संपवले. जाहीर वादन व्हायला १८५० उजाडले. दोन व्हायोलिन आणि त्याचेच मोठे, खालच्या सुरांचे भाऊबंद, म्हणजे एक व्हायोला आणि दोन चेलो, एवढाच संसार. त्यातल्या दुसऱ्या, संथ भागात मधली तीन वाद्ये लांबच लांब स्वर धरून बसतात, पहिले व्हायोलिन वर तुटक तुटक बोलते आणि दुसरा चेलो गज बाजूला ठेवून नुसत्या बोटाने तार छेडत त्याला साथ देतो. ते बोट किती हलके पडते, यावर सगळे अवलंबून. स्पीकरमधून तो चेलो असा घुमला की बाहेर ढोलपथकाचा सराव चालू आहे की काय असे वाटावे! वादक समोर आणि आवाज डोक्यावरून. पाच जण एकमेकांकडे बघत, कान देऊन तोल सांभाळत होते. तो तोल आमच्यापर्यंत पोहोचायचा की नाही, हे मात्र मागे मिक्सरवर बसलेला मुलगा ठरवत होता. त्याचा काय दोष? त्याला सांगितले तेच त्याने केले.

दोन भागांच्या मध्ये टाळ्या पडल्या म्हणून काही जाणकार मागे वळून डोळे वटारत होते. मला त्यात काही वावगे वाटले नाही. शूबर्टच्या काळातले श्रोतेही मधेच टाळ्या वाजवत असत. उलट 'शू... शू...'चाच त्रास जास्त झाला. मध्यंतरानंतरच्या शाल-श्रीफळांबद्दल आणि भाषणांबद्दल काही लिहीत नाही, पुणेकरांना सवय आहे.

हे संगीत मुळात दिवाणखान्यासाठी लिहिलेले. वाड्यातल्या गाण्याच्या बैठकी ज्या गावाने जपल्या, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. मजदा हॉलसारख्या जागी विनामाइक ऐकणारे श्रोतेही इथे आहेतच. आयोजकांना विनंती एवढीच, की पुढच्या वर्षी समारोप छोट्या सभागृहातच ठेवावा आणि मागणी जास्त असेल तर एकच कार्यक्रम संध्याकाळी व दुसऱ्या दिवशी सकाळी असा दोनदा करावा. सभागृहाचे भाडे दोनदा भरावे लागेल हे खरे, पण स्पीकरचे तर वाचेल. वादकांना मानधन वाढवून द्यावे लागले, तर तिकिटाचे पन्नास-शंभर रुपये जास्त मोजायला माझ्यासारखे बरेच जण तयार होतील.

आपला,
एक श्रोता, पुणे