पाळत ठेवणारा आणि संशयित एकच

मा. संपादक,
स.न.

रविवार पुरवणीतील विज्ञानकथा आणि पाळत यांविषयीचा लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे, पण ऑर्वेलच्या ‘१९८४’पुढे तो सरकतच नाही. त्या कादंबरीत घरातल्या पाळत ठेवणाऱ्या पडद्यापलीकडे सत्ता आणि अलीकडे नायक विन्स्टन, अशी सरळ वाटणी आहे. आपण कोणाच्या बाजूचे, हे वाचकाला आपसूक कळते.

अमेरिकी विज्ञानकथाकार फिलिप के. डिक यांनी १९७७च्या ‘अ स्कॅनर डार्कली’ या कादंबरीत ही सोय ठेवलेली नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतला बॉब आर्क्टर हा अमली पदार्थविरोधी पथकाचा छुपा अधिकारी. कचेरीत त्याचे नाव फ्रेड. तिथे तो असा पोशाख चढवतो, की त्यावर असंख्य माणसांच्या चेहऱ्यामोहऱ्याचे तुकडे सतत बदलत राहतात. वरिष्ठालाही आत कोण आहे ते कळत नाही, आणि तो वरिष्ठही तसल्याच पोशाखात! मग फ्रेडवर कामगिरी येते: आर्क्टरवर नजर ठेवायची. त्याच्याच घरात यंत्रे बसतात आणि तिथले चित्रण त्यानेच दुसरीकडे बसून तपासायचे. मेख अशी, की त्यातून स्वतःला पुरते कापून टाकताही येत नाही. जो कधीच दिसत नाही तोच आपला माणूस, हे कचेरी ताडेल. त्यात नशेने मेंदूच्या दोन भागांची फारकत झालेली. होता होता फ्रेड पडद्यावरच्या आर्क्टरकडे परक्यासारखा पाहू लागतो, त्याचा संशय घेऊ लागतो.

विन्स्टनची नोकरीच जुन्या बातम्या बदलण्याची. तिथे सत्तेला नोंदी खोट्या कराव्या लागतात. इथे यंत्राने खोटे काहीच टिपलेले नाही, तरी पाहणाऱ्याला स्वतःची ओळख पटत नाही. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?’ या युक्तिवादाला लेखात ऑर्वेलच्या आधाराने उत्तर दिले आहे. मला डिकचे उत्तर जास्त बोचरे वाटते. (१९७१मध्ये खुद्द डिक यांचे घर फोडून कागदपत्रांचे कपाट उघडले गेले होते. ते कोणी केले, याचे तर्क ते पुढे वर्षानुवर्षे लढवत राहिले.)

पुढचा भाग येणार असल्यास या कादंबरीची दखल घ्यावी. रिचर्ड लिंकलेटर यांचा २००६चा चित्रपटही आहे. नटांवर रेखाटन चढवण्याची त्याची पद्धत त्या पोशाखाला चपखल बसते. तरी आधी पुस्तकच वाचावे.

आपला,
एक नियमित वाचक