'क्रमांक एक' कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'राज्यातील क्रमांक एकचे दैनिक' अशी जाहिरात एखाद्या दैनिकात येते आणि काही दिवसांतच त्याचे प्रतिस्पर्धी दैनिकही तोच मान स्वतःकडे घेते. सामान्य वाचकाला यातले एक कोणीतरी खोटे बोलत असावे असे वाटते, पण बहुधा तसे नसते. दोघांनी वेगवेगळी फूटपट्टी वापरलेली असते. 1948 मध्ये स्थापन झालेली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था खपाचे आकडे सहामाही तपासून प्रमाणित करते, तर इंडियन रीडरशिप सर्व्हेमध्ये लोकांना ते कोणता पेपर वाचतात हे विचारले जाते. त्यातही 'काल वाचला' असे सांगणारे वेगळे मोजतात आणि 'गेल्या महिनाभरात कधीतरी वाचला' असे सांगणारे वेगळे. त्यावर पुन्हा शहर, जिल्हा, वयोगट, उत्पन्नगट असे तुकडे पाडले, की जवळपास प्रत्येक मोठ्या दैनिकाला कुठे ना कुठे पहिला क्रमांक सापडतो. 2014 च्या आरंभी जाहीर झालेल्या पाहणीवर तर देशातील अनेक बड्या वृत्तपत्रसमूहांनीच उघडपणे अविश्वास दाखवला होता.

हे आकडे जाहिरातदारांसाठी आवश्यक आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप त्यांना 'वाचकांची पसंती' म्हणण्याला आहे. घरात अमुक एक पेपर येतो याची कारणे अनेक असतात. वडिलांच्या काळापासून तोच येत असतो, टाकणाऱ्या मुलाकडे तोच वेळेवर मिळतो, किंवा वर्षभराच्या वर्गणीवर भेटवस्तू देणारी, कुपने कापून चिकटवायला लावणारी योजना चालू असते. योजना संपली की पेपर बदलणारी कुटुंबे मी पाहिली आहेत आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. मात्र त्या काळात वाढलेला खप म्हणजे संपादकीय कामाला मिळालेली पावती नव्हे.

मराठी वाचकाने खरोखर निवड केली, अशी उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. 1881 मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद झाल्यावर त्यांनी 1887 मध्ये ते पद सोडले आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढले. मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे किमान वय वाढवणाऱ्या 1891 च्या संमतिवयाच्या विधेयकावर 'केसरी' विरोधात होता आणि 'सुधारक' बाजूने. त्या वेळच्या वाचकाला आपण काय घेत आहोत आणि काय नाकारत आहोत, हे स्पष्ट माहीत होते. खपाच्या हिशेबात 'सुधारक' कधीच 'केसरी'च्या बरोबरीला आला नाही, तरी त्याच्या मोजक्या वाचकांची पसंती कमी खरी होती असे कोण म्हणेल? त्यापुढचे उदाहरण मला अधिकच महत्त्वाचे वाटते. 1920 मध्ये 'मूकनायक' सुरू करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पहिल्याच अंकात, चालू असलेल्या पत्रांतून बहिष्कृत वर्गाच्या प्रश्नांना पुरेशी जागा मिळत नाही, हे कारण मांडले होते. म्हणजे दोन मोठ्या पत्रांपैकी एक निवडायचे एवढाच प्रश्न नसतो. ज्या वाचकाचे जगणे दोन्हींत कुठेच येत नाही, त्याच्यापुढे निवडीला काही उरलेलेच नसते.

आजच्या दैनिकांकडे पाहताना मला हीच चिंता अधिक वाटते. मी अनेक वर्षे रोज सकाळी दोन प्रतिस्पर्धी दैनिके समोरासमोर ठेवून वाचत आलो आहे. अग्रलेखांत फरक जाणवतो, जिल्ह्याच्या पानांत थोडा, पण इतरत्र पुष्कळदा एकाच प्रसिद्धीपत्रकातील वाक्ये दोन्हीकडे जशीच्या तशी सापडतात. 2009 च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात तर आपल्या राज्यातील परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत एका नेत्याची स्तुती करणारा एकच लेख शब्दशः छापून आल्याचे उघडकीस आले. पुढच्याच वर्षी प्रेस कौन्सिल या वृत्तपत्रांच्या आचारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला पैसे घेऊन छापल्या जाणाऱ्या बातम्यांवर स्वतंत्र अहवाल काढावा लागला. दोन नावांखाली तोच मजकूर विकला जात असेल, तर वाचकाने निवडायचे काय? त्या दिवसांची आठवण मला आजही अस्वस्थ करते, कारण त्या वेळी मी तो मजकूर बातमी समजूनच वाचला होता.

माझी स्वतःची पसंती कशी ठरली, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका अपघाताच्या बातमीत दोन्ही दैनिकांनी मृतांचे वेगवेगळे आकडे दिले होते आणि पुढे दोन्ही चुकीचे निघाले. एकाने दुसऱ्या दिवशी नवा आकडा छापला, मात्र कालचा चुकला होता असा अवाक्षरही उल्लेख केला नाही. दुसऱ्याने आतल्या पानावर चार ओळींत आपली चूक कबूल करून दिलगिरी व्यक्त केली. पुढे खर्च कमी करण्यासाठी एक पेपर बंद करण्याची वेळ आली, तेव्हा कोणता ठेवायचा याचा मला विचार करावा लागला नाही. त्या चार ओळी कोणत्याही पाहणीत मोजल्या गेल्या नसतील.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागते असेही नाही. ब्रिटनमधील 'द गार्डियन'ने 1997 मध्ये वाचकांच्या तक्रारी स्वतंत्रपणे तपासणारा 'रीडर्स एडिटर' नेमला आणि चुकांच्या दुरुस्त्यांसाठी रोजची ठरलेली जागा ठेवली. आपल्याकडे 'द हिंदू'ने 2006 मध्ये तसेच पद निर्माण केले. या पदावरच्या व्यक्तीला संपादकांच्या निर्णयावरही जाहीर मत देण्याची मोकळीक असते आणि माझ्या मते सगळे मोल त्या मोकळिकीतच आहे. संपादकांच्या हाताखालचा कोणी तक्रारींची उत्तरे देऊ लागला, तर त्या पदाचा उपयोग नाही.

आपले दैनिक मी आवडीने वाचतो, म्हणूनच तीन विनंत्या करतो. दुरुस्त्या रोज एकाच पानावर, एकाच ठिकाणी छापाव्यात आणि मूळ चूक काय होती तेही त्यात स्पष्ट लिहावे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द बातमीच्या मथळ्याइतक्याच ठळक अक्षरांत असावा. कोपऱ्यातले बारीक अक्षर माझ्या वयाच्या वाचकाला दिसत नाही. आणि 'क्रमांक एक'चा दावा छापायचाच असेल, तर तो कोणत्या मोजमापानुसार, कोणत्या काळासाठी आणि कोणत्या भागापुरता आहे, हे त्याच जाहिरातीत वाचता येईल अशा अक्षरांत द्यावे. हे पत्र छापणे शक्य झाले नाही तरी चालेल, पण या तीन मुद्द्यांवर आपले उत्तर दैनिकात वाचायला मिळावे, अशी अपेक्षा आहे.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार