लिस्मोरच्या मालकाबद्दल थोडं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

लिस्मोर किल्ल्याचे फोटो मिळाले. बाग छान राखली आहे. फोटोखाली तू लिहिलंस, की हा किल्ला ज्याच्याकडे होता तो रिचर्ड बॉईल अवघे २७ पौंड घेऊन आयर्लंडला आला होता, आणि ‘बाबा, याला म्हणतात कर्तृत्व!’ फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहितो.

२३ जून १५८८ला तो डब्लिनला उतरला, तेव्हा खिशात २७ पौंड ३ शिलिंग, शिवाय हिऱ्याची अंगठी, सोन्याचं कडं आणि बरे कपडे. हा हिशेब लिहून कुणी ठेवला? त्यानेच, स्वतःच्या आठवणींत. तोही १६३२मध्ये, पासष्टीच्या घरात, अर्ल ऑफ कॉर्क आणि आयर्लंडचा खजिनदार झाल्यावर. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण पुढच्या दहा वर्षांतला पैसा इतक्या बारकाईने मांडलेला नाही.

डब्लिनला त्याने नोकरी कुठे धरली, ते बघ. बेवारस आणि जप्त जमिनी इंग्लंडच्या राणीच्या नावे लावणाऱ्या अधिकाऱ्याचा तो उपअधिकारी झाला. माझं आयुष्य भूमी अभिलेख कार्यालयात गेलं, त्यामुळे ही खुर्ची काय असते ते मला कुणी समजावून सांगायला नको. डेस्मंडच्या अर्लचं बंड नुकतंच मोडलं होतं, मुन्स्टर या दक्षिण आयर्लंडच्या प्रांतातल्या त्याच्या अफाट जमिनी सरकारजमा होऊन इंग्लंडहून आलेल्यांना वाटल्या जात होत्या. आयरिश रिवाजात जमीन कुळाची, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीने चालत आलेली. इंग्रजी कायद्याला कागद हवा. ज्याच्याकडे कागद नाही, किंवा आहे पण त्यात खोट निघते, त्याची जमीन ‘दडवलेली’ ठरवायची, राणीच्या नावे करायची आणि मग स्वस्तात पट्ट्याने द्यायची. खोट शोधणारा बॉईल, आणि पट्टा मिळणाऱ्यांतही त्याचीच माणसं. आपल्याकडे याला बेनामी म्हणतात.

१५९५मध्ये लिमरिककडच्या एका वारसदार मुलीशी लग्न झालं. चार वर्षांत ती बाळंतपणात गेली, जमीन त्याच्याकडे राहिली. मध्ये १५९८च्या बंडात सगळं जळालं, तो लंडनला पळाला. तिथे त्याच्या व्यवहारांबद्दल तक्रारी होत्याच. अटक झाली, प्रकरण राणीपर्यंत गेलं, आणि हे महाशय सुटले ते थेट मुन्स्टरचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिलचे क्लार्क होऊन! अशा एका बढतीची गोष्ट माझ्याकडेही आहे, पण ती पत्रात लिहिण्याजोगी नाही.

१६०२मध्ये वॉल्टर रॅली या इंग्रज दरबाऱ्याने आयर्लंडमधली ४२,००० एकर जमीन १५०० पौंडांना त्याला विकली. मी गुणाकार-भागाकार केला, एकराला नऊ पेन्सही पडत नाहीत. तुझं लिस्मोर त्यातच आलं.

काम त्याने केलं, हे मान्य. लोखंडाच्या भट्ट्या उभारल्या, बँडन गावाला तटबंदी घातली, यॉल गावात म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली. मात्र वसवलेले लोक इंग्लंडहून आणलेले प्रोटेस्टंट. तिथली मूळ कुळं कुठे गेली, ते त्याच्या आठवणींत शोधू नकोस.

त्याला खरा भेटला तो वेंटवर्थ. १६३३मध्ये राजाचा प्रतिनिधी म्हणून आला आणि पहिल्यांदाच कुणीतरी बॉईलचे कागद उलटे धरून वाचले. यॉलच्या चर्चचं उत्पन्न गिळल्याबद्दल १५,००० पौंड दंड बसवला. बॉईल विसरला नाही. १६४१मध्ये वेंटवर्थवर खटला चालला तेव्हा त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला हा हजर, आणि मे महिन्यात वेंटवर्थचं डोकं उडालं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात आयर्लंड पेटलं. खंड यायचा थांबला, एक मुलगा १६४२मध्ये लिस्कॅरोलच्या लढाईत पडला, आणि सप्टेंबर १६४३मध्ये म्हातारा यॉलला वारला.

आता तू म्हणशील, शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल याचाच ना? याचाच, सर्वांत धाकटा मुलगा, जन्म लिस्मोरचा, १६२७. बॉईलचा नियम तू अकरावीत घोकलास, तो त्याचा. पोटासाठी नोकरी न करता तो आयुष्यभर प्रयोग करू शकला, कारण बापाच्या या जमिनींचं उत्पन्न त्याला येत होतं. त्याने पुढे आयरिश भाषेतलं बायबल छापायला पदरचे पैसे दिले, हे मला बरं वाटलं. त्याने हिशेब मिटतो का, ते तू ठरव.

डब्लिनला जाशील तेव्हा सेंट पॅट्रिक्स कथीड्रलमध्ये या कुटुंबाचं भलंमोठं स्मारक आहे ते बघ. आधी ते वेदीच्या जागीच उभारलं होतं, वेंटवर्थने हलवायला लावलं. खालच्या रांगेत मुलांचे पुतळे आहेत, त्यांतला छोटा मुलगा रॉबर्ट असावा म्हणतात. जवळून एक फोटो काढून पाठव. आणि पुढच्या वेळी कुणी ‘शून्यातून उभा राहिला’ म्हणालं, तर तो आधी कुठल्या ऑफिसात होता ते विचारून मला कळव, मला उत्सुकता असते.

आई तब्येतीने ठीक आहे, तुझ्यासाठी भाजणी करते आहे.

तुझा,
बाबा