बाजारातलं एकाकीपण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत एकोणिसाव्या शतकातला जर्मन चित्रकार आडोल्फ मेन्झेल याच्या पेन्सिल स्केचवरचा लेख वाचला. त्याला मराठी पेपरात अर्धं पान मिळालं याचा आनंद आहेच. पण स्केचमधल्या, इटलीतल्या वेरोनाच्या पियाझ्झा देल्ले एर्बेमध्ये, म्हणजे भर भाजीबाजारात, लेखकमहाशयांना ‘औद्योगिक युगातलं माणसाचं एकाकीपण’ सापडलं, ते कशावरून? तर माणसांना चेहरे नाहीत म्हणून! धन्य आहे.

चेहरे नाहीत, कारण माणसं थांबत नाहीत. बाजारात वही घेऊन बसणाऱ्या कुणालाही विचारा. भाजीवाली वजन उचलायला वाकते, आपण पाठीची रेघ ओढतो न ओढतो तोच ती ताठ होऊन सुटे पैसे मोजायला लागलेली असते. हाती लागतं काय, तर पाठ, कोपर आणि टोपलीची कड. मेन्झेल तर यातला पट्टीचा माणूस. उंची जेमतेम साडेचार फूट, कोटाला आठ खिसे, खिशांत लहानमोठ्या वह्या. सुताराची जाड, मऊ पेन्सिल वापरायचा आणि ती घासून सावली पसरवायचा. लेखकांना जाणवलेलं ‘उदास धुकं’ म्हणजे हेच घासलेलं शिसं.

आणि लेखकांना स्केचमध्ये दिसलेल्या त्या ‘तीन पिढ्यांच्या तीन स्त्रिया’! अहो, डोक्यावरच्या रुमालाची गाठ तीच, टोपली तीच. एकच बाई तीन बाजूंनी काढली आहे. एकाच कागदावर तेच माणूस फिरवून फिरवून काढायची मेन्झेलला सवयच होती. अशी टिपणं जमवून त्याने या बाजाराचं तैलचित्र 1884 साली पुरं केलं, ते आज जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. त्यात चेहऱ्यांची अशी खेचाखेच आहे की नजर ठरत नाही. एकाकीपण तिथे शोधून दाखवा.

माझा राग जुना आहे, तोही सांगून टाकतो. शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या सरावाला स्मरणचित्राचा विषय होता ‘आठवडी बाजार’. मी पुढे दोन बायका नीट काढल्या आणि मागची गर्दी नुसत्या रेघांत सोडली. आमच्या शिक्षकांनी लाल पेनने लिहिलं, ‘चेहरे कुठे आहेत?’ वर्गासमोर कागद धरून हसलेही. परीक्षेत मग घाबरून मागच्या प्रत्येक मुंडक्याला डोळे-नाक-तोंड दिलं. रंग पुढच्या बायकांच्या पदरापर्यंतच पोचला आणि घंटा झाली. ‘सी’ ग्रेड. तेव्हा ‘चेहरे नाहीत’ म्हणजे आळस होता, आता तत्त्वज्ञान झालं आहे. रेघ काय करते आहे ते बघायला तेव्हाही कुणाला सवड नव्हती, आजही नाही.

जाता जाता, ते स्केच तुम्ही पिवळट रंगात छापलंत, त्यामुळे करडे सगळे काळे झाले. उजवीकडचा भाग तर टू बीएचकेच्या जाहिरातीने गिळला. बाजार जिथे दाट होत जातो नेमका तिथेच स्विमिंग पूल! पुढच्या वेळी चित्र पूर्ण छापा, लेख अर्धा चालेल. आणि शब्दकोड्यातल्या उभ्या 14 ची सूचना छापायचीच राहिली आहे, तेवढी कळवावी.

आपला,
एक जुना वाचक, सातारा