वायरीत साठलेली वीज रिकामी कोण करणार?

संपादक महोदय,

कालच्या अंकातली वीज साठवणाऱ्या वायरीची बातमी दोनदा वाचली. वायर लवचिक आहे, हलकी आहे, कपड्यात विणता येईल, सगळं आलं. पुरवठा तोडल्यावर त्या वायरीत काय उरतं, यावर मात्र एक ओळ नाही. तीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला हाच प्रश्न आधी पडतो.

उमेदवारीत असताना मी कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडला होता. सेल काढून बाजूला ठेवलेले, त्यामुळे निर्धास्त होतो. कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाच्या, दोन्ही पायांना बोटं लागली आणि हात असा मागे फेकला गेला की कोपर कपाटावर आपटलं. तिथे ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, हे उस्तादांनी नंतर सांगितलं. तेव्हापासून आधी रेझिस्टर, म्हणजे वीज हळूहळू वाहू देणारा भाग, लावून कपॅसिटर रिकामा करतो, मीटरने तपासतो, मगच हात घालतो. पण कपॅसिटर निदान डोळ्यांना दिसतो. उद्या वायरच कपॅसिटर झाली तर ओळखायची कशी?

शोध मोलाचाच आहे. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या जयन थॉमस आणि झेनान यू यांनी २०१४ मध्ये तांब्याच्या तारेवरच कॉपर ऑक्साइडची अतिसूक्ष्म लव उगवली आणि तिच्यावर सुपरकपॅसिटरचे, म्हणजे नेहमीपेक्षा खूप जास्त वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचे, थर चढवले. आतलं तांबं वीज नेतं, वरचं आवरण ती साठवतं. कल्पना मला मनापासून आवडली. मात्र थरांच्या मध्ये पाण्याचा जेल वापरला तर असा एक घटक जेमतेम एक व्होल्ट पेलतो; १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचंच विघटन होऊ लागतं. एका व्होल्टने झटका बसत नाही, कबूल. जास्त दाबासाठी घटक एकापुढे एक जोडले की बसेल. शिवाय वायर दाराखाली चेपते, प्लगच्या मानेशी रोज वाकते. तिथे थर फाटून एकमेकांना टेकले तर सगळा साठा एका क्षणात त्याच जागी मोकळा होणार. हे बातमीत यायला हवं होतं.

आणखी एक. साठा 'वॅट'मध्ये छापलाय. वॅट म्हणजे वीज वापरण्याचा वेग. साठा वॅट-तासात मोजतात. बॅटरीची गरज संपल्याचंही लिहिलंय, तेही चूक. सुपरकपॅसिटरमध्ये किलोमागे साधारण ५ ते १० वॅट-तास मावतात, लिथियम-आयन बॅटरीत १५० ते २५०. झटकन भरणं आणि लाखो वेळा भरून रिकामं होणं ही सुपरकपॅसिटरची खरी ताकद, आणि नेमकी तीच बातमीत नाही.

चुकीची दुरुस्ती छापाच. आणि ही वायर सुरक्षितपणे रिकामी करायची सोय काय, हेही जाणकारांना विचारून छापा. कात्री घेऊन ती कापायला बसणारा आमच्यातलाच कुणीतरी असणार आहे.

आपला,
एक दुरुस्ती कारागीर